हैदराबादचे खडक आणि त्यांचे जुने रहिवासी

मुंबईहून रात्री सुटणारी हुसेनसागर एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी वाडी जंक्शन सोडून तांडूर-विकाराबादच्या वाटेला लागली, म्हणजे खिडकीबाहेरची भूमी हळूहळू पालटू लागते. सोलापूर-गुलबर्ग्याकडील सपाट शेते मागे पडतात, आणि लिंगमपल्लीच्या सुमारास जिकडेतिकडे दगडच दगड दिसू लागतात. हे दगड आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखे नव्हेत. करड्या-गुलाबी रंगाचे, गोल गरगरीत, एकावर एक रचून ठेवल्यासारखे ते प्रचंड धोंडे पाहून नवख्या माणसाला वाटावे, की कोणा राक्षसाच्या पोरांनी खेळता खेळता ते येथेच टाकून दिले. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांचे वय सुमारे २५० कोटी वर्षे सांगतात. ऊन, वारा आणि पाऊस यांनी झिजून झिजून त्यांना हे रूप आले आहे.

हैदराबादेस जाणारा प्रवासी चारमिनार पाहतो, सालारजंग संग्रहालय पाहतो, गोवळकोंड्यावर चढून टाळी वाजवून तिचा प्रतिध्वनी ऐकतो, आणि सिकंदराबादच्या सेंट मेरीज बॅसिलिकेत गुडघे टेकून परत फिरतो. आम्हीही हे सर्व केले. परंतु या खेपेस त्या नगरीची जी गोष्ट आमच्या मनात राहिली, ती कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात नाही. ती या धोंड्यांच्या फटींत राहणाऱ्या प्राण्यांची आणि त्यांना हाताळणाऱ्या काही माणसांची आहे. खेड्यापाड्यांतल्या आपल्या कुटुंबांना तिच्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून ती येथे सांगत आहोत.

चारमिनार उभा राहिला १५९१ साली. त्यानंतर चारशे वर्षे हे शहर मुसी नदीच्या दोन्ही काठांनी सावकाश वाढले. १९९८ साली पश्चिमेस माधापूरच्या माळावर ‘सायबर टॉवर्स’ ही इमारत उभी राहिली आणि मग वाढीला काही धरबंदच उरला नाही. गच्चीबावली, कोंडापूर, मियापूर, कोंपल्ली ही नावे एके काळी माळांची, तलावांची आणि खेड्यांची होती; आज तेथे पंचवीस-तीस मजल्यांचे वाडे आहेत. सुरुंग लावून धोंडे फोडले गेले, तलावांचे काठ बुजविले गेले. त्या धोंड्यांच्या कपारींत आणि तलावांच्या काठी जे राहत होते, त्यांनी जावे कोठे? ते तेथेच राहिले. माणसांना वाटते, साप आपल्या घरात शिरला. सापाच्या जागी उभे राहून पाहिले तर दिसेल, की आपणच त्याच्या घरावर घर बांधले.

तेथे सर्वांत अधिक आढळतात ते नाग, धामण आणि पाण्याच्या आसपासची दिवड. जोडीला घोणस आणि मण्यार हे दोन जहाल विषारी आहेतच. तेलुगू भाषेत सापाला ‘पामु’ म्हणतात. नाग तो ‘नागुपामु’, मण्यार ती ‘कट्लपामु’, घोणस ती ‘रक्तपिंजरी’ आणि आपली घोरपड ती ‘उडुमु’. घोणशीचे विष रक्त बिघडविते, हे ज्याने ‘रक्तपिंजरी’ नाव ठेवले त्या अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या खेडुताला ठाऊक असले पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत पॅट्रिक रसेल नावाचा एक डॉक्टर विशाखापट्टणम येथे होता. त्याने या किनाऱ्यावरील सापांचे सचित्र पुस्तक १७९६ साली प्रसिद्ध केले. त्यात त्याने सापांची नावे लिहिली ती तेथील लोकांच्या तोंडची. इंग्रजीत घोणशीला आज त्याच रसेलचे नाव आहे. पण रसेलला शिकविणारे गुरू तेलुगू शेतकरी आणि गारुडी होते, हे विसरू नये.

आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो, ते कुटुंब मूळचे मराठवाड्याचे. निजामाच्या अमदानीत मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता, आणि १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा तो निराळा झाला. त्यामुळे अशी कितीतरी मराठी घरे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. यांचे नवे घर शहराच्या पश्चिम टोकास एका वसाहतीत आहे. एके दिवशी सकाळी अंगणातल्या पाण्याच्या मीटरचे झाकण उचलताच वसाहतीचा राखणदार ओरडून मागे सरला. खड्ड्यात नाग होता. फणा काढलेला नव्हे. वेटोळे घालून, ओलाव्याला निवांत पडलेला.

क्षणात माणसे जमली. राखणदाराने काठी आणली, शेजारच्या घरातील तरुण मोबाइल घेऊन चित्र काढावयास खड्ड्यावर वाकू लागला, कोणी घासलेट ओतावयास सांगू लागले. या गलक्यात घरच्या आजीबाई तेवढ्या शांत होत्या. त्यांनी सर्वांना दहा पावले मागे घेतले, मुलांना घरात पाठविले, राखणदाराला काठी खाली ठेवावयास लावली आणि एकाला सांगितले, “तू लांबून नुसता बघत राहा. तो कुठे जातो एवढेच बघ.” मग त्यांनी दूरध्वनी केला.

हैदराबादेत ‘फ्रेंड्स ऑफ स्नेक्स सोसायटी’ नावाची संस्था १९९५ सालापासून हे काम करीत आहे. तिचे स्वयंसेवक नोकरदार आहेत, विद्यार्थी आहेत. वन खात्याच्या संमतीने ते घरोघर जाऊन साप धरतात आणि वस्तीपासून दूर वनात सोडतात. अलीकडच्या काही वर्षांत वर्षाकाठी दहा हजारांवर साप त्यांनी असे सोडविले असून त्यांत नागांचाच भरणा मोठा आहे. एका शहरात एवढे साप निघतात हे ऐकून आम्ही चकित झालो. पण एवढ्या वेळा माणसांनी काठी न उचलता दूरध्वनी उचलला, हे त्याहून मोठे नवल.

अर्ध्या-पाऊण तासाने दोन तरुण मोटारसायकलवरून आले. पायांत जाड बूट, हातात लोखंडी आकडी, पाठीवर पिशवी. आल्या आल्या त्यांनी आजीबाईंना ‘अम्मा’ म्हणून नमस्कार केला आणि साप पाहण्याआधी माणसे पाहिली. चित्रे काढणाऱ्यांना आणखी मागे नेले. साप धरणे म्हणजे गारुड्याचा खेळ असेल, शेपटी धरून तो उंच फिरवतील, अशी जमलेल्यांची अपेक्षा होती. तसे काहीच झाले नाही. एका कापडी पिशवीच्या तोंडाशी त्यांनी प्लॅस्टिकची रुंद नळी बसविली, नळीचे दुसरे तोंड नागापुढे ठेवले आणि आकडीने त्याला हलकेच चाळविले. भ्यालेल्या सापाला अंधारी बीळ हवे असते. दोन वेळा फणा उभारून, फुसकारून, अखेर तो आपल्या आपणच त्या नळीत शिरला आणि पिशवीत जाऊन बसला. पिशवीला गाठ पडली. त्याच्या अंगाला मनुष्याचा हात असा लागलाच नाही.

आम्ही त्यांपैकी एकाला विचारले, की या विद्येत अवघड काय? तो म्हणाला, “साप धरणे अवघड नाही, लोकांना धरून ठेवणे अवघड.” त्याचे म्हणणे असे, की बहुतेक अपघात सापाच्या रागाने होत नाहीत, ते मनुष्याच्या घाईने किंवा फुशारकीने होतात. कोणी मारावयास जातो, कोणी धीटपणा दाखवावयास शेपटीला हात घालतो, आणि चावा त्यालाच बसतो. मेलेल्या सापाचे तुटलेले डोकेदेखील काही वेळ दंश करू शकते, हे त्याने मुद्दाम सांगितले.

तेवढ्यात राखणदार पुढे आला. हा पालमूर, म्हणजे महबूबनगर, भागातला मनुष्य. तिकडील हजारो मजूर कुटुंबे बांधकामाच्या कामासाठी देशभर हिंडतात. इमारत पुरी होईतो तिच्याच पायाशी पत्र्याच्या खोपटात त्यांचा संसार. त्याने भीत भीत विचारले, की साहेबांच्या घरात बोलावणे गेले की तुम्ही येता, पण आमच्या खोलीत रात्री काही शिरले तर आम्हांला कळणार कसे? तो, त्याची बायको आणि दोन लेकरे भुईवर झोपतात. ते दोघे तरुण काही न बोलता त्याच्या खोलीकडे गेले. भिंतीला लागून विटांचा ढीग होता, तो त्यांनी लांब हलवावयास सांगितला. दाराखाली चार बोटे फट होती. ती त्यांनी फळीचा तुकडा आणि पोते लावून तेथल्या तेथे बंद केली. उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नका, त्याला उंदीर येतात आणि उंदरामागून साप येतो, असे त्याच्या बायकोला समजावले. आणि मुलांना बाजेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून, झोपवावयास सांगितले. नाग धरला त्यापेक्षा हे काम आम्हांला मोठे वाटले.

कारण मण्यार हा निशाचर साप आहे, आणि भुईवर निजलेल्या माणसालाच तो बहुधा चावतो. त्याचे दात इतके बारीक, की पुष्कळदा दुखतही नाही व खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे बोबडे होते, आणि घरचे समजतात की अपचन झाले. आपल्या देशात २००० ते २०१९ या २० वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांत चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालील मुलांचा होता. निम्मे मृत्यू पावसाळ्यातले. बहुतेक खेड्यांतले, आणि घरीच झालेले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला उपेक्षित रोगांच्या यादीत घेतले ते उगीच नव्हे. शेतात राबणारा, अनवाणी चालणारा, जमिनीवर निजणारा गरीबच यात मरतो.

दंशावर औषध नाही असे मात्र मुळीच नाही. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून प्रतिविष बनवितात. मुंबईतील परळची हाफकिन संस्था या कार्यासाठी महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. लागणारे विष काढण्याचे मोठे काम तामिळनाडूतील इरुळ या आदिवासींची सहकारी संस्था १९७८ सालापासून करीत आली आहे. त्यांच्यातील वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन या दोघा साप धरणाऱ्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्याआधी एक वर्ष, २०२२ साली, विंचूदंश व सर्पदंशाच्या रोग्यांसाठी कोकणात आयुष्य वेचणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा तसाच गौरव झाला होता. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच प्रतिविष चालते. म्हणून डॉक्टरांना दाखविण्यासाठी साप मारण्याची किंवा धरण्याची काही एक गरज नाही. त्यात दुसऱ्या मनुष्याला दंश होतो आणि वेळ जातो तो निराळाच. रक्त गोठते की नाही हे डॉक्टर काचेच्या नळीत वीस मिनिटे रक्त ठेवून पाहतात, आणि रोग्याच्या लक्षणांवरून उपचार ठरवितात.

आता आपल्या श्रद्धेविषयी दोन शब्द. तेलुगू मुलखात कार्तिकात ‘नागुल चविती’ला स्त्रिया वारुळावर दूध घालतात. नागपंचमीस गारुडी टोपलीतून नाग घेऊन दारोदार फिरत असत. त्यासाठी नागाचे दात उपटीत आणि त्याला दिवसेंदिवस उपाशी-तहानेले ठेवीत. साप दूध पिणारा प्राणीच नव्हे; तहानेने व्याकूळ झालेला तो जीव पुढे आलेले काहीही तोंडी लावतो, एवढेच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने असे खेळ गुन्हा ठरविले आहेत. आपल्या शिराळ्यालाही जिवंत नागांची मिरवणूक न्यायालयाच्या आदेशाने थांबली. हे वाचून आपण ख्रिस्ती लोकांनी मात्र मान डोलावून गप्प बसू नये. आपल्या घरी साप निघाला की ‘सैतान, सैतान’ म्हणून त्याला ठेचण्यात पुण्य मानणारे थोडे नाहीत. कोणी त्याला देव करतो, कोणी सैतान; परमेश्वराने निर्माण केलेला एक जीव म्हणून त्याच्याकडे पाहणारा विरळा.

प्रेषितांच्या कृत्यांत संत पौलाची एक हकीकत आहे. गलबत फुटून तो मेलिता, म्हणजे आजचे माल्टा, या बेटाला लागला. थंडी होती, पाऊस होता. शेकोटीसाठी त्याने काटक्यांची मोळी आणली आणि तीतून निघालेला विषारी साप त्याच्या हाताला डसला. बेटावरच्या लोकांनी प्रथम ठरविले, की हा खुनी असावा, म्हणून दैवाने त्याला शिक्षा केली. पौलाला काही झाले नाही असे दिसताच तेच लोक म्हणू लागले, की हा तर देव! दोन्ही वेळा ते चुकले. संत लूकने ही गोष्ट लिहिताना साप मोळीतून निघाला, जाळाच्या उष्णतेने निघाला, हे बारकाईने नोंदविले आहे. आमच्या आयाबायांनी पावसाळ्यात सरपणाच्या ढिगात हात घालण्यापूर्वी एवढे जरी आठवले, तरी पुष्कळ झाले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात सरपटणाऱ्या प्राण्यांनाही देवानेच घडविले आणि ते त्याला चांगले दिसले, असे सांगितले आहे; आणि प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सापाचे चातुर्य घ्यावयास सांगितले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक प्राणिमात्राला देवापाशी स्वतःची किंमत आहे असे जे शिकविले, त्यातून धामण आणि घोरपड वगळलेल्या नाहीत.

हैदराबादेत सर्वच गोडीगुलाबीने चालते असे मात्र समजू नये. २०२३ च्या जुलैत मोठ्या पावसात अलवाल भागात एका घरात साप निघाला. तक्रार करून तासन्‌तास कोणी आले नाही, तेव्हा घरच्या तरुणाने तो साप धरून पालिकेच्या एका कचेरीत नेऊन टेबलावर सोडला. वृत्तपत्रांत वाचून लोक हसले. परंतु त्या तरुणाचा जीव, कचेरीतल्या माणसांचा जीव आणि सापाचा जीव, तिन्ही त्या रागापायी टांगणीला लागले होते. मदतीची सोय वेळेवर न पोहोचली, की लोक स्वतःच सापाला हात घालतात. आणि मग काय होईल ते कोणी सांगावे? २०२५ च्या मार्चअखेर हैदराबाद विद्यापीठाशेजारच्या कंचा गच्चीबावली येथील ४०० एकर झाडीत यंत्रे घुसली. विद्यार्थी आडवे आले, आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली. त्या झाडीतील मोर आणि हरणे यांच्याविषयी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. तेथील सापांविषयी कोणी फारसे बोलले नाही; परंतु झाडी गेली असती तर रात्री अनेकांच्या दारांशी तेच आले असते.

वाचकहो, वसईच्या वाड्यांत बावखलांच्या काठी दिवड आहे, केळीच्या बागेत धामण आहे, नगरकडील शेतबांधावर नाग आणि घोणस आहेत. दर गावी अर्ध्या तासात येणारे स्वयंसेवक असतीलच असे नाही. म्हणून काही गोष्टी आपणच ध्यानी धराव्या. सरपण, कौले, विटा भिंतीला टेकवून रचू नयेत. धान्याची कणगी आणि कोंबड्यांचे खुराडे निजण्याच्या जागेपासून दूर असावे. पावसाळ्यात भुईवर निजू नये. बाज नसेल तर मच्छरदाणी तरी खोचून घ्यावी. रात्रीच्या प्रार्थनेहून किंवा शेतावरून परतताना हाती विजेरी आणि पायी पादत्राण असावे. साप दिसला तर दुरून नजर ठेवावी आणि वन खात्याला किंवा जाणत्या सर्पमित्राला कळवावे. हौशी पोराला हात लावू देऊ नये. दंश झालाच तर माणसाला धीर द्यावा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नये, अंगठी-बांगडी काढावी. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. आणि मांत्रिकाच्या दारी क्षणभरही न थांबता जेथे प्रतिविष आहे अशा रुग्णालयात न्यावे. ते कोठे आहे याची चौकशी आजच करून ठेवावी. प्रत्येक धर्मग्रामातील तरुण मंडळाने त्या रुग्णालयाचे, रुग्णवाहिकेचे आणि सर्पमित्राचे नाव लिहून मंदिराच्या फलकावर लावले, तर त्यासाठी पैसा लागणार नाही.

राखणदाराच्या लेकरांना त्या रात्री बाज मिळाली. आजीबाईंनी माळ्यावरची जुनी बाज काढून, विणून घेऊन दिली. नाग तोवर शहराबाहेरच्या वनात पोहोचला असेल. दोघांचीही रात्र सुखाची गेली असावी.